जॅझच्या तबकड्या व अल्पवित्त संग्राहक

इतिहासाची साधने केवळ राजदरबारांच्या दप्तरखान्यांत सापडतात, हा समज महाराष्ट्रात तरी इतिहासाचार्य राजवाड्यांनी कायमचा खोटा ठरविला आहे. ज्यांच्या घरांत जुनी दप्तरे पडून होती त्यांना बहुधा त्यांचे मोल ठाऊक नव्हते. आणि ज्याला ते ठाऊक होते त्याच्या गाठी द्रव्य नव्हते. गावोगाव पायपीट करून व एकवेळ जेवून त्या पुरुषाने ती साधने मिळविली, आणि १८९८ पासून एकामागून एक असे बावीस खंड छापून आपल्या हाती आलेले सर्वांच्या हाती दिले. संग्राहकाच्या अंगी दोन गुण असावे लागतात. दुसऱ्याने टाकलेल्या वस्तूचे मोल ओळखणे हा पहिला. आणि ओळखलेले मोल आपल्या कपाटात कोंडून न ठेवणे हा दुसरा. विसाव्या शतकात अमेरिकेमध्ये जे जॅझ नावाचे संगीत उदयास आले, त्याचा इतिहासही अशाच लोकांनी राखला आहे. ती हकीकत आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. म्हणून तिचा थोडक्यात परामर्श घेण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. युरोपातील अभिजात संगीत कागदावर लिहिलेले असते. बेटोव्हेनच्या एखाद्या रचनेच्या साऱ्या तबकड्या उद्या फुटल्या तरी ती रचना शाबूत राहते. जॅझची गोष्ट तशी नाही. त्यात वादक मूळ चालीचा आधार घेऊन त्या त्या क्षणी जे रचतो तेच खरे संगीत. आपल्याकडील ख्यालगायकाच्या आलापतानांशी या बाबतीत त्याचे साम्य आहे. तो क्षण तबकडीवर उतरला तर राहिला. नाही तर वाऱ्यावर गेला. न्यू ऑर्लिन्स शहरातील बडी बोल्डन हा कॉर्नेटवादक या संगीताचा आद्य पुरुष मानला जातो. परंतु त्याची एकही तबकडी उपलब्ध नाही. त्याच्या वादनाविषयी आज जे सांगितले जाते ते सारे ऐकीव होय. अर्थात जॅझची तबकडी नष्ट झाली, म्हणजे ग्रंथाची प्रत नव्हे, तर ग्रंथच नष्ट झाला असे समजावे.

जॅझ म्हणून विकली गेलेली पहिली तबकडी २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्क येथे व्हिक्टर कंपनीने मुद्रित केली. ती ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड या वाद्यवृंदाची होती, व तीतील सर्व वादक गोरे होते. ज्या कृष्णवर्णीय समाजाच्या कुशीत हे संगीत वाढले, त्याच्याकडे कंपन्यांचे लक्ष गेले ते १९२० साली. त्या वर्षी मेमी स्मिथ या गायिकेच्या ओके छापाच्या तबकडीला कृष्णवर्णीय कुटुंबांत अपूर्व खप लाभला, आणि त्या समाजासाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाच्या निराळ्या याद्या निघू लागल्या. १९२३ च्या एप्रिलमध्ये किंग ऑलिव्हरचा वाद्यवृंद, व त्यात तरुण लुई आर्मस्ट्राँग, इंडियानातील रिचमंड गावी गेनेट छापासाठी वाजवून गेला. १२ नोव्हेंबर १९२५ पासून आर्मस्ट्राँगने शिकागोत ‘हॉट फाइव्ह’ या आपल्या छोट्या वृंदाच्या तबकड्या मुद्रित करण्यास आरंभ केला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. त्या तीन मिनिटांत आर्मस्ट्राँगने जे केले, त्याने पुढील अर्धशतकाची वाट आखून दिली.

हे सारे ज्यांनी मुद्रित केले त्यांना आपण काय करीत आहो याची कल्पना होती काय? बहुतेकांना नव्हती. गेनेट ही पियानो बनविणाऱ्या स्टार कंपनीची शाखा होती. तिचे मुद्रणगृह आगगाडीच्या रुळांशेजारी होते, व गाडी जाऊ लागली की वादन थांबवावे लागे. पॅरामाउंट या दुसऱ्या प्रख्यात छापाची मालक तर विस्कॉन्सिन संस्थानातील एक खुर्च्या बनविणारी कंपनी होती! ग्रामोफोनची लाकडी पेटी खपावयाची तर तीवर वाजविण्यास काहीतरी हवे, या विचाराने ती तबकड्यांच्या धंद्यात शिरली. अशा धंद्यात तबकडी हा नाशवंत माल. आज विकावा आणि उद्या विसरावा. पुढे आर्थिक मंदी आली. १९२७ साली अमेरिकेत सुमारे १० कोटी ४० लाख तबकड्या खपल्या होत्या. १९३२ साली तो आकडा ६० लाखांवर घसरला असे सांगतात. छापखाने बंद पडले, आणि ज्या धातूच्या साच्यांवरून तबकड्या दाबून काढीत त्यांतील कितीतरी मोडीत गेले. नोकरी सुटलेल्या कामगारांनी पॅरामाउंटच्या तबकड्या व साचे मिल्वॉकी नदीत भिरकावून दिले, अशी एक दंतकथा आहे. पुढे पाणबुड्यांनी नदीचा तळ धुंडाळला, पण हाती काही आले नाही.

मंदीच्या याच वर्षांत संग्राहकांची पहिली पिढी उदयास आली. यांत विद्यार्थी होते, कारकून होते, छोटे दुकानदार होते. सारेच निर्धन होते असे मात्र नव्हे. त्यांच्यातला जॉन हॅमंड हा व्हँडरबिल्ट या कोट्यधीश घराण्याच्या नात्यातला. परंतु बहुसंख्यांची मिळकत बेताची होती. १९२० नंतरच्या दशकात जी तबकडी ७५ सेंटांना नवी मिळे, ती आता जुन्यापुराण्या वस्तूंच्या दुकानात गठ्ठ्यांतून काही सेंटांना मिळू लागली. मात्र गठ्ठ्यातील कोणती उचलावी व कोणती सोडावी हे कळावे कसे? लेबलावर वादकांची नावे क्वचितच असत. पुष्कळदा एकच मुद्रण स्वस्त छापांवर खोट्या नावाने पुन्हा विकलेले असे. तेव्हा लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर साच्याचा जो बारीक आकडा उमटलेला असे, तो वाचून व पडताळून मुद्रणाचा काळ व स्थळ ठरवावे लागे. आणि वादक कोण, हे कानाने ओळखावे लागे. पैशाची उणीव ज्ञानाने भरून काढावयाची, हाच या लोकांचा मार्ग होता. ज्याच्यापाशी पुरेसे द्रव्य आहे तो दहाही तबकड्या विकत घेतो. ज्याला एकच परवडते त्याला ती ओळखून घ्यावी लागते.

हे विखुरलेले ज्ञान एकत्र करण्याचे श्रेय पॅरिसकडे जाते. तेथील हॉट क्लबाचा पुढारी ह्यूग पानासिये याने १९३४ साली जॅझवर ग्रंथ लिहिला. आणि चित्रकार दांपत्य रोबेर व सोनिया दलोने यांचा पुत्र शार्ल दलोने याने १९३६ साली ‘हॉट डिस्कॉग्रफी’ प्रसिद्ध केली. कोणत्या तबकडीत कोण वाजवितो, ती कधी मुद्रित झाली, तिचा साचा कोणता, याची ती सूची होय. ज्या देशात हे संगीत जन्मले त्या देशाच्या आधी परक्या देशातील एका तरुणाने त्याची वंशावळ लिहावी, यात अमेरिकन विद्यापीठांना लाजविण्यासारखे काही होते खास.

न्यूयॉर्कमध्ये बेचाळिसाव्या रस्त्यावर कॉमोडोर नावाचे एक दुकान होते. दुकानदाराचा मुलगा मिल्ट गेबलर याने ते रेडिओचे दुकान हळूहळू जॅझच्या तबकड्यांचे माहेरघर बनविले. कंपन्यांच्या गोदामांत न खपता पडलेला जुना माल त्याने उचलला. तो संपल्यावर जुन्या साच्यांवरून काही प्रती पुन्हा काढून देण्याची विनंती त्याने कंपन्यांस केली. १९३५ साली युनायटेड हॉट क्लब्ज ऑफ अमेरिका ही संस्था स्थापन झाली, व तिच्या नावाने निघालेल्या पुनर्मुद्रित तबकड्यांच्या लेबलांवर प्रत्येक वादकाचे नाव व वाद्य छापले गेले. ज्यांची बोटे व फुप्फुसे त्या तीन मिनिटांत खर्ची पडली होती, त्यांची नावे दहा-बारा वर्षांनी का होईना, तबकडीवर आली. एका दुकानदाराच्या पोराने केलेले हे काम लहान खास नव्हे.

संचाची कल्पना यातूनच पुढे आली. अनेक पाकिटे एकत्र बांधून, छायाचित्रांच्या पुस्तकाप्रमाणे, त्यांत तबकड्या घालून विकण्याची प्रथा अभिजात संगीतात होतीच. तीस ‘आल्बम’ म्हणत. येल विद्यापीठातील जॉर्ज अवाकियन या आर्मेनियन वंशाच्या विद्यार्थ्याने ती जॅझमध्ये आणली. १९४० साली कोलंबिया कंपनीने जुने साचे तपासण्याचे काम त्याच्याकडे सोपविले, आणि ब्रिजपोर्टच्या कारखान्यात त्याला आर्मस्ट्राँगची कधीच बाहेर न पडलेली काही मुद्रणे सापडली. दहाबारा वर्षे ती अंधारात पडून होती. ती तशीच मोडीत गेली असती तर कोणास पत्ताही लागला नसता. त्याने आर्मस्ट्राँग, बिक्स बायडरबेक इत्यादिकांचे निवडक संच टिपणांसह काढले. ज्या तबकड्या गोळा करण्यास एखाद्या संग्राहकाची पाच वर्षे गेली असती, त्या सामान्य गृहस्थाला एका खरेदीत मिळू लागल्या. संच म्हणजे एकाच्या श्रमाची अनेकांत केलेली वाटणी, हा त्याचा मूळ अर्थ होय.

याच मंडळीची दुसरी एक हकीकत मनास चटका लावते. १९३९ साली ‘जॅझमेन’ हे पुस्तक निघाले. त्यासाठी जुन्या वादकांचा शोध घेताना विल्यम रसेल प्रभृतींना बंक जॉन्सन या विस्मृतीत गेलेल्या कर्णावादकाचा ठावठिकाणा लागला. लुईझियानातील न्यू आयबेरिया गावी तो मोलमजुरी करीत होता. दात पडल्यामुळे त्याचे वादन बंद पडले होते, व त्याच्याजवळ वाद्यही उरले नव्हते. संग्राहकांनी आपापल्या तुटपुंज्या मिळकतीतून वर्गणी केली. सुप्रसिद्ध वादक सिडनी बेशे याचा दंतवैद्य भाऊ लेनर्ड याने कवळी करून दिली, कर्णा आला, आणि १९४२ साली बंकचे पहिले मुद्रण झाले. त्याने आपले वय दहाएक वर्षे वाढवून सांगितले असावे, असे संशोधक पुढे म्हणू लागले. पण त्या कवळीमागील सद्भावाचे मोल त्याने यत्किंचितही कमी होत नाही.

याच १९४२ साली या कथेत आपला देश अनपेक्षितपणे येतो. जुन्या तबकडीतील बंधक द्रव्य म्हणजे लाख. ती बहुतांशी हिंदुस्थानातून, विशेषतः छोटा नागपुरातील पळस, बोर, कुसुम या झाडांवरील किड्यांपासून मिळे. आर्मस्ट्राँगचा कर्णा ज्या वस्तूवर उमटला ती वस्तू आदिवासी स्त्रीपुरुषांनी झाडांवरून खरवडून काढली होती, हे ऐकून कोणास नवल वाटेल. परंतु ते सत्य आहे. जपान युद्धात उतरल्यावर हा पुरवठा धोक्यात आला. लाखेचा उपयोग युद्धसामग्रीतही असल्यामुळे अमेरिकन सरकारने तबकड्यांच्या लाखेत सत्तर टक्के कपात केली. जुन्या तबकड्या दळून नव्या बनविण्यासाठी घरोघर मागितल्या जाऊ लागल्या, व देशभक्तीच्या भरात लोकांनी त्या मुक्तहस्ताने दिल्या. त्या ढिगाऱ्यांतून किती दुर्मिळ मुद्रणे चक्कीत गेली याची गणती कोणीच ठेवली नाही.

मुंबईशीही या संगीताचा संबंध आलेला आहे. १९३५ साली लिऑन अॅबी या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा वृंद ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग आलेल्या वादकांच्या सहवासात गोव्याचे अनेक वादक तयार झाले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट, हे त्यांतील प्रमुख. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाचे संगीत सी. रामचंद्रांनी रचताना त्यांचे साह्य घेतले होते. पण या मुंबईच्या जॅझची मुद्रणे थोडी, व जी झाली तीही विखुरलेली. येथे कोणी गेबलर वेळीच निघाला असता तर आज चित्र निराळे दिसले असते.

या संग्राहकांची केवळ स्तुतीच करणे मात्र इतिहासास धरून होणार नाही. त्यांच्या जमाखर्चात नावेची बाजूही आहे. दक्षिणेतील कृष्णवर्णीय वस्त्यांत दारोदार फिरून काही सेंटांना घेतलेल्या तबकड्या पुढे मोठ्या किमतीस गेल्या. पॅरामाउंट छापाची ब्लूज गायनाची एक तबकडी २०१३ साली ३७,१०० डॉलरांस विकली गेली. त्या वाढीव किमतीतील कपर्दिकही ती जपून ठेवणाऱ्या घरांकडे वा ते गाणाऱ्याच्या वंशजांकडे गेली नाही. दुसरे असे की, जे संग्राहकांना रुचले तेच प्राधान्याने राहिले. त्यांतील अनेकांना न्यू ऑर्लिन्सचे जुने संगीत तेवढेच खरे वाटे. १९४० नंतरच्या नव्या जॅझला पानासियेने तर जॅझ म्हणण्यासच नकार दिला. तिसरा दोष संग्रहवृत्तीचाच. वस्तू दुर्मिळ आहे म्हणून ती हवीशी वाटू लागते, मग ती दुर्मिळच राहावी असे वाटू लागते. आणि संगीत बाजूला पडून केवळ तबकडी उरते.

या शेवटच्या दोषावर काहींनी आपल्या वागणुकीने उत्तर दिले आहे. इंग्रजीचा प्राध्यापक मार्शल स्टर्न्स याने आपल्या न्यूयॉर्कच्या राहत्या घरी १९५२ साली जॅझच्या अभ्यासाची संस्था काढली, व १९६६ साली आपला सारा संग्रह रटगर्स विद्यापीठाच्या स्वाधीन केला. रसेल १९५८ साली टुलेन विद्यापीठातील जॅझ दप्तरखान्याचा पहिला रक्षक झाला. जपानात योकोहामा शहरी १९३३ साली चिगुसा नावाचे कॉफीगृह निघाले. परदेशी तबकडी विकत घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर होते, असे तरुण तेथे एका पेल्याच्या किमतीत तासन्‌तास ती ऐकत बसत. १९४५ च्या बाँबहल्ल्यात तो संग्रह जळाला. मालकाने तो पुन्हा उभा केला.

१९४८ साली दीर्घवादनाची तबकडी आली, आणि जुन्या लाखेच्या तबकड्या पुन्हा एकवार अडगळीत गेल्या. संचांचे मात्र फावले. १९७३ साली स्मिथसोनियन संस्थेने मार्टिन विल्यम्स या टीकाकाराकडून सहा तबकड्यांचा निवडक संच करविला, व तो महाविद्यालयांत पाठ्यपुस्तकासारखा वापरला गेला. १९८३ साली मायकेल कस्कूना व चार्ली लूरी यांच्या मोझेक कंपनीने थिलोनियस मंक या पियानोवादकाच्या ब्लू नोट मुद्रणांचा संपूर्ण संच काढला. हे काम संपादनाच्या दृष्टीने आदर्श होते. परंतु कंपनीचे परवाने मर्यादित मुदतीचे, म्हणून प्रतीही मोजक्या, क्रमांक घातलेल्या. त्या संपताच त्या संचांचे भाव चढू लागले. दुर्मिळतेवर उतारा म्हणून निघालेला संच स्वतःच दुर्मिळ झाला! याची परमावधी २०१३ साली झाली. खुर्च्यांच्या कारखान्याच्या त्या पॅरामाउंट छापाची आठशे मुद्रणे ओक लाकडाच्या सुबक पेटीत घालून सुमारे चारशे डॉलरांस विकावयास निघाली. मूळ तबकड्या ज्यांनी घेतल्या त्या शेतमजुरांना ती पेटी पाहून काय वाटले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

तर मग बेताच्या मिळकतीच्या रसिकाने काय करावे? इतिहासाकडून यास स्पष्ट उत्तर मिळते. मूळ तबकडीचा मोह सोडून तिच्यातील नाद कोणी अधिक निगुतीने उतरवून घेतला आहे ते पाहावे. जॉन आर. टी. डेव्हिस या इंग्रज वादक-संग्राहकाने उत्तमोत्तम प्रती मिळवून, त्यांतील खरखर एकेक ठिकाणी हाताने काढून, शेकडो मुद्रणे नव्याने उतरविली. युरोपात तेव्हा मुद्रणावरील हक्क पन्नास वर्षांनी संपत असे. त्यामुळे जेएसपी नावाच्या एका छोट्या इंग्रज कंपनीला त्याने उतरविलेल्या आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ व ‘हॉट सेव्हन’ मुद्रणांचा चार सीडींचा संच फार थोड्या किमतीत विकता आला. मूळ साच्यांचा वारसा सांगणाऱ्या मोठ्या कंपनीचा महाग संचही त्याच सुमारास निघाला; पण नादाच्या बाबतीत अनेक जाणत्यांनी कौल दिला तो स्वस्त संचाला. पैशाची उणीव ज्ञानाने भरून निघते, हा मंदीच्या काळातील धडा येथे पुन्हा प्रत्ययास आला.

कोणी म्हणेल, आता सारे संगीत यंत्रांतून घरबसल्या मिळते. मग संग्राहक हवा कशाला? याचे उत्तर दोन घटनांत आहे. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधील युनिव्हर्सल कंपनीच्या आवारात आग लागली. तीत मूळ मुद्रणांची मोठी हानी झाल्याचे वृत्त बाहेर आले ते थेट २०१९ साली. हानी नेमकी किती, यावर वाद आहे; पण मालकाच्या कोठारात ठेवलेली वस्तू सुरक्षित असतेच असे नाही, हे त्याने सिद्ध झाले. दुसरी घटना किंग ऑलिव्हरची. १९२३ साली त्याच्या वृंदाच्या सदतीस बाजू मुद्रित झाल्या. त्यांतील ‘झुलूज बॉल’ या गेनेट तबकडीची आजवर एकच प्रत ज्ञात आहे. ती कोणा एका माणसाने ओळखून उचलली नसती तर आपणांस त्या वादनाचे केवळ नाव लाभले असते.

अमेरिकेतील २०१८ च्या कायद्यान्वये १९२३ ची सर्व मुद्रणे १ जानेवारी २०२४ रोजी सार्वजनिक मालकीची झाली, आणि पुढील वर्षांची मुद्रणे क्रमाक्रमाने होत आहेत. ऑलिव्हरचे ते वादन आता सर्वांचे आहे. कोणीही ते ऐकावे, उतरवावे, वाटावे. कायद्याला हे दान करण्यास शंभर वर्षे लागली. तोवर ती वस्तू फुटू न देता सांभाळण्याचे काम ज्यांनी केले, त्यांच्यापैकी अनेकांच्या खिशात त्या दिवशी परतीच्या भाड्याइतकेच पैसे उरले असतील.